भिंगाखालची मिरची : निकट-छायाचित्रणाचे घरगुती प्रयोग

मिरचीवर ‘बोकड्या’ पडला असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात निदान तीन निरनिराळी दुखणी सामावलेली असतात. पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून पान द्रोणासारखे झाले असेल, तर तो बहुधा फुलकिड्यांचा उपद्रव असतो. कडा खालच्या बाजूस वळल्या, पान उलट्या होडीसारखे दिसू लागले आणि त्याचा देठ नेहमीपेक्षा लांबला, तर पिवळ्या कोळ्याचा संशय घ्यावा लागतो. शेंडा आखडून पाने बारीक व गुच्छासारखी झाली असतील, तर पांढऱ्या माशीने वाहून आणलेला विषाणू झाडात शिरला असण्याचा संभव असतो. पहिला अपराधी सहा पायांचा कीटक आहे. दुसरा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात व त्याची गणना कोळिष्टक विणणाऱ्या कोळ्याच्या आप्तांत होते. तिसरा तर इतका सूक्ष्म की, साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो दाद देत नाही.

दुखणी तीन, तसे उपायही तीन. फुलकिड्यांसाठी असलेले कीटकनाशक कोळ्यावर लागू पडेलच असे नाही; त्याला गंधक किंवा खास कोळीनाशक लागते. उलटपक्षी काही कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे फवारली असता कोळ्याला खाऊन टाकणारे त्याचे नैसर्गिक शत्रू आधी मरतात आणि कोळी पूर्वीपेक्षा अधिक माजतो. विषाणूने ग्रासलेले झाड तर कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते वेळीच उपटून नष्ट करणे व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणे एवढेच हाती राहते. म्हणजे निदान चुकले की औषधाचा पैसा जातो, मजुरी जाते आणि पीकही जाते. एवढ्यावरच हे थांबत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रत्येक फवारणीत फवारणाऱ्याच्या शरीरालाही काही ना काही धोका असतोच. मग जी फवारणी मुळात निरुपयोगी, तिच्यासाठी तो धोका का पत्करावा?

अडचण आहे ती आकाराची. मिरचीवरील फुलकिडा लांबीला जेमतेम एक ते दीड मिलिमीटर भरतो. पिवळा कोळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो. उन्हात उभे राहून, घाम पुसत, नुसत्या डोळ्यांनी ह्या दोहोंतला फरक ओळखणे तरण्या नजरेलाही कठीण. चाळिशी लागलेल्या डोळ्यांची गोष्टच सोडा. म्हणून वाळलेला शेंडा रुमालात बांधून दुकानात न्यावयाचा आणि दुकानदार जी बाटली काढून देईल ती घेऊन यावयाचे, असा परिपाठ पडून गेला आहे. दुकानात पोचेपर्यंत रुमालातले फुलकिडे केव्हाच निसटलेले असतात, हे कोणी ध्यानात घेत नाही.

आज ह्या अडचणीवर एक साधा उपाय बहुतेक शेतकऱ्यांच्या खिशातच असतो. भ्रमणध्वनीचा कॅमेरा आणि त्याच्यापुढे धरलेले एक लहानसे भिंग ह्यांच्या साहाय्याने पानाखालच्या जिवाचे असे छायाचित्र घेता येते की, ते सावलीत बसून, पडद्यावर मोठे करून, घरातल्या शिकत्या मुलाबरोबर सावकाश पाहावे. ह्या प्रकाराला निकट-छायाचित्रण अथवा मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. मात्र ही कला थेट शेतात जाऊन साधत नाही. वाऱ्याने हलणारे पान, पळणारा किडा आणि डोळ्यावर येणारे ऊन ह्या तिन्ही शत्रूंशी एकाच वेळी झुंज देण्यापूर्वी हात बसावा लागतो. आणि हात बसविण्यासाठी स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यासारखी शाळा नाही.

सुईचे टोक आणि खसखशीचा दाणा

नित्याच्या क्षुद्र वस्तूंपासून आरंभ करण्याची ही रीत नवी नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने दिलेले ‘सेल’ हे नाव शास्त्रात कायमचे रूढ झाले, म्हणून तो ग्रंथ विख्यात आहे. परंतु त्याने पहिले निरीक्षण नोंदविले ते सुईच्या टोकाचे. नुसत्या डोळ्यांना तीक्ष्ण भासणारे ते टोक भिंगाखाली बोथट व खडबडीत निघाले. पुढे त्याने वस्तऱ्याची धार पाहिली, छापील पूर्णविराम पाहिला, कापड पाहिले. पिसू आणि ऊ ह्यांची मोठमोठी चित्रे काढली. आणि खसखशीच्या दाण्यालाही त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले. त्याच्या मागोमाग हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने आपल्या हातांनी घासलेल्या इवल्याशा भिंगांतून पाण्याच्या थेंबातील जीव पाहिले. ह्या दोघांपाशी छायाचित्रण नव्हते. जे दिसले ते हाताने रेखाटावे किंवा दुसऱ्याकडून रेखाटून घ्यावे लागे. भारतात आधुनिक कीटकशास्त्राचा पाया घातला गेला तोही अशाच चित्रांच्या आधारे. पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ असलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांच्या १९०९ सालच्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ ह्या ग्रंथातील रंगीत चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत.

शेतकऱ्यांना विशेष जवळचा वाटावा असा माणूस मात्र निराळा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको नावाच्या गावी, विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. हिमाचे कण वितळण्यापूर्वी टिपावेत असा त्याला ध्यास लागला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची विशी पूर्ण होण्याआधी, त्याने हिमकणाचे पहिले छायाचित्र मिळविले. वडिलांना हा सारा खुळेपणा वाटे. बेंटलीने शेती सोडली नाही आणि हिमकणही सोडले नाहीत. ऊब नसलेल्या खोलीत, आपल्या श्वासाने कण विरघळू नये म्हणून दम धरून, त्याने आयुष्यात पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. १९३१ साली त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षाअखेर तो निवर्तला. त्याची साधने आजच्या मानाने अवजड व अडचणीची होती. आजच्या भ्रमणध्वनीत जो सोपेपणा आहे त्याचा शतांशही त्याच्या वाट्यास आला नव्हता.

भिंग, पेला आणि पोस्टकार्डे

साधने थोडकी पुरतात. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसले दहापट भिंग घ्यावे. ते कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बरोबर मध्यभागी येईल असे धरून रबराच्या कड्याने किंवा दुहेरी चिकटपट्टीने बसवावे. अलीकडच्या भ्रमणध्वनींना दोन-तीन डोळे असतात आणि वस्तू फार जवळ आली की यंत्र आपण होऊन एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. म्हणून भिंग कोणत्या डोळ्यावर बसवावयाचे ते एकेक डोळा बोटाने झाकून आधी पाहून घ्यावे. भिंग नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर पाण्याचा एक थेंब सोडून ती पट्टी कॅमेऱ्यावर धरली तरी थेंब भिंगासारखे काम करतो. मुलांना ह्याचे मोठे कौतुक वाटते, परंतु थेंब ओघळतो, वाळतो आणि यंत्रात पाणी जाण्याचे भय राहते. तेव्हा तो खेळापुरताच बरा.

दहापट भिंगाचे नाभ्यंतर अडीच सेंटिमीटर असते. वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर आली म्हणजे ती स्पष्ट दिसते. वीसपट भिंग घेतले तर हे अंतर सव्वा सेंटिमीटरवर येते. ह्या हिशेबावरूनच कळून येईल की, नवशिक्याने मोठ्या भिंगाच्या मोहात पडू नये. अंतर जितके कमी तितकी यंत्राची सावली वस्तूवर अधिक पडते, आणि हाताचा कंप तर भिंगाच्याच पटीने वाढतो. म्हणून यंत्र हातात धरण्याचा हट्ट सोडून द्यावा. दोन पेले उपडे घालून त्यांच्यावर भ्रमणध्वनी आडवा ठेवावा, भिंग दोन पेल्यांच्या मधल्या जागेवर येऊ द्यावे आणि वस्तू त्याच्या खाली, जुन्या पोस्टकार्डांच्या चळतीवर ठेवावी. यंत्र हलवावयाचे नाही. एकेक पोस्टकार्ड सरकवून किंवा काढून वस्तूच वरखाली करावयाची, म्हणजे हवी ती पातळी नेमकी सापडते. कळ दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी यंत्रातील दोन सेकंदांचा विलंब लावून ठेवावा.

हे पोस्टकार्डांचे प्रकरण कोणास पोरखेळ वाटेल. परंतु निकट-छायाचित्रणातील मुख्य संकट तेथेच आहे. दूरच्या डोंगराचे छायाचित्र घेताना पुढचे झाड आणि मागचा कडा दोन्ही स्पष्ट येतात. जवळच्या वस्तूबाबत मात्र सुस्पष्टतेची ही खोली झपाट्याने आटते. मोठ्या कॅमेऱ्याने वस्तूची प्रतिमा तिच्या प्रत्यक्ष आकाराएवढी घेतली आणि भिंगाचे छिद्र आठ क्रमांकावर ठेवले, तर ह्या खोलीचा हिशेब जेमतेम एक मिलिमीटर येतो. त्याच्या अलीकडचे व पलीकडचे सारे धुक्यात. छिद्र अधिक बारीक करावे तर प्रकाश कमी होतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. भ्रमणध्वनीत छिद्र बदलण्याची सोय बहुधा नसतेच. तेव्हा युक्ती एकच : जे पाहावयाचे ते भिंगाच्या समोर सपाट आणावे. मोहरीचा दाणा गोल आहे. त्याचा माथा स्पष्ट आला तर कडा अस्पष्ट राहणारच. पानाचा तुकडा मात्र काचेच्या पट्टीवर पसरून धरला तर सबंध स्पष्ट येतो. निरनिराळ्या पातळ्यांवर दहा-वीस छायाचित्रे घेऊन त्यांतील स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडण्याची पद्धत आहे. परंतु शेतातील निदानासाठी तिची गरज पडत नाही.

ज्यांच्यापाशी भिंगे बदलता येणारा कॅमेरा असेल त्यांनी कॅमेरा व भिंग ह्यांच्यामध्ये पोकळ नळी बसवून पाहावी. पन्नास मिलिमीटरच्या भिंगामागे पंचवीस मिलिमीटरची नळी बसविली की प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्मी मिळते. पन्नासची बसविली तर वस्तूएवढीच, पण मग प्रकाश चौपट लागतो.

प्रकाशाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर यंत्रावरचा झगझगीत दिवा वापरू नये. त्याने किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि बाकीचे काळेठिक्कर होते. सकाळी खिडकीतून एका बाजूने येणारे ऊन पतंगाच्या पातळ कागदातून गाळून घ्यावे आणि विरुद्ध बाजूस पांढरा कागद उभा करावा, म्हणजे सावलीचा भाग उजळतो. फिकट वस्तू काळ्या कागदावर आणि काळसर वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवावी, हे सांगावयास नकोच. तरीही पांढऱ्या ताटलीत मीठ ठेवून त्याचे छायाचित्र घेणारे अनेक निघतात.

दाण्यांची ओळख

मिठापासूनच आरंभ करावा. साधे मीठ म्हणजे झिजलेल्या कोपऱ्यांचे घन असतात. तेच मीठ पाण्यात विरघळवून काचेवर दोन थेंब सावलीत वाळू दिले, तर कोरेकरकरीत चौकोन जमतात आणि काहींत पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरणारी खोलगट चौकट दिसते. मोहरीचा दाणा डोळ्यांना गुळगुळीत भासतो. भिंगाखाली त्यावर बारीक जाळी उमटते. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा असून त्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात. राजगिऱ्याला भोवताली कड असते, आणि गव्हाच्या दाण्याच्या एका टोकाला केसांचा झुबका. ह्याच पत्रिकेतील एखादे रंगीत चित्र भिंगाखाली धरले तर ते चार रंगांच्या ठिपक्यांत विरून जाते. हूकने पाहिलेल्या छापील पूर्णविरामाची येथे आठवण व्हावी.

करमणुकीबरोबर ह्यात व्यवहारही आहे. मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचे बी मिसळले तर त्याच्या तेलाने हातपाय सुजून माणूस दगावू शकतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने अनेकांचे बळी घेतले. हे दोन्ही दाणे शेजारी ठेवून एकदा छायाचित्र घेतले की, धोतऱ्याच्या बियांचा काळपट खडबडीतपणा मनावर ठसतो. दाबून फोडल्यास मोहरी आतून पिवळी निघते आणि धोतरा पांढरा. पडीक रानात पिवळा धोतरा सर्रास उगवतो, तेव्हा तुलनेसाठी बी मिळविण्यास अडचण पडू नये. फक्त ते स्वयंपाकघरात नेऊ नये व हात धुण्यास विसरू नये.

ज्वारीच्या दाण्याचे छायाचित्र कणसाच्या निरनिराळ्या वयांत घ्यावे. दाणा जेथे कणसाला चिकटलेला असतो, त्या टोकाला पक्वतेच्या वेळी काळा ठिपका दिसू लागतो. तो दिसला म्हणजे दाण्यात अन्नरस जावयाचे थांबले आणि पीक शरीरदृष्ट्या पक्व झाले असे समजतात. मक्याच्या दाण्याच्या बुडाशीही असाच काळा थर येतो. नुसत्या डोळ्यांनी हा ठिपका दिसतो खरा, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत तो असल्या-नसल्यासारखा असतो, आणि पावसाचे सावट असताना त्या दोन-तीन दिवसांनाच किंमत असते.

सर्वांत बोधप्रद दाणा मुगाचा. डब्यात राहिलेल्या जुन्या मुगाच्या किंवा चवळीच्या पाठीवर पुष्कळदा टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. ती कडधान्यातील भुंगेऱ्याची अंडी होत. मादी अंडे दाण्याला चिकटवून ठेवते. भिंगाखाली पाहिले असता काही अंडी चकचकीत व अर्धपारदर्शक दिसतात, काही दुधासारखी पांढरी. पारदर्शक अंड्यांतील अळी बाहेर पडावयाची असते. पांढऱ्या अंड्यांतील अळी अंड्याच्या तळातून सरळ दाण्यात शिरलेली असते आणि जाताना कुरतडलेला भुसा मागे रिकाम्या कवचात भरून गेलेली असते; त्या भुशाचाच तो पांढरा रंग. पुढे पंधरा-वीस दिवसांनी दाण्याच्या सालीवर गोल, काळपट खिडकी दिसते आणि तीच ढकलून भुंगेरा बाहेर येतो. साठवणीच्या तुरीत किंवा मुगात कीड ‘लागणार आहे’ की ‘लागून चुकली आहे’ हे एका छायाचित्रावरून सांगता येते ते असे. उन्हात वाळविण्याचा निर्णय भोक पडल्यावर घेण्यापेक्षा ठिपका दिसल्यावर घेणे पुष्कळ स्वस्त पडते.

शेतात

मुगाच्या ठिपक्यातील हा भेद ज्याला टिपता आला, त्याने मिरचीच्या वावरात जाण्यास हरकत नाही. सकाळी लवकर जावे. त्या वेळी किडी सुस्त असतात, वारा पडलेला असतो आणि ऊन कोवळे असते. फवारणी केलेल्या शेतात औषध वाळण्यापूर्वी व वेष्टनावर सांगितलेला अवधी लोटण्यापूर्वी शिरू नये. औषध लागलेल्या हातांनी यंत्र हाताळून तेच कानाला लावणे हा तर विष अंगाला चोळण्याचाच प्रकार.

फुलकिड्यांसाठी सोपी रीत अशी की, मिरचीचा शेंडा किंवा उमललेले फूल काळ्या कागदावर हलकेच झटकावे. फिकट पिवळसर, लांबोडके जीव कागदावर धावू लागतात. कागद सपाट असल्याने सुस्पष्टतेचे संकट आपोआप टळते. लागोपाठ दहा छायाचित्रे घ्यावीत; नऊ टाकून द्यावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नये. एक झटका पांढऱ्या कागदावरही द्यावा. २०२१ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटक ह्या राज्यांत मिरचीची फुले ज्याने मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केली, तो परदेशातून आलेला फुलकिडा गडद रंगाचा आहे आणि तो फुलांत दाटीने राहतो; काळ्या कागदावर तो नजरेतून सुटेल.

पिवळ्या कोळ्याचे काम कठीण. तो कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूस असतो. पान खुडून, खालची बाजू वर करून, काचेच्या पट्टीवर सपाट दाबावे. दहापट भिंगात तो केवळ एक चकचकीत ठिपका दिसतो. वीसपट भिंगात त्याला आकार येतो. ह्याहून अधिक पाहावयाचे असल्यास कागदी सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. मूळचे मेरठचे असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की ह्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला ‘फोल्डस्कोप’ नावाचा हा सूक्ष्मदर्शक घडी घालून बनतो, वस्तू सुमारे एकशेचाळीसपट मोठी दाखवितो आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. २०१५ पासून केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच्या प्रसाराचा कार्यक्रम हाती घेतल्यामुळे तो देशातील अनेक शाळा-महाविद्यालयांत पोचला आहे. गावच्या शाळेत तो असेल तर विज्ञानशिक्षकाकडे एक पान घेऊन जाण्यात संकोच कसला?

मक्यावरील लष्करी अळीसाठी एवढ्या सायासाची गरज नाही. ही अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन पोचली. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. हे दोन भाग स्पष्ट येतील अशी दोन छायाचित्रे घेतली की खोडकिडीशी होणारी गल्लत टळते.

छायाचित्रात आकाराचे माप आले नाही तर ते पाहणाऱ्याची फसगत होते. मोठा केलेला मावा लहान ढेकणाएवढा दिसतो. पुष्कळ लोक शेजारी नाणे ठेवतात. परंतु नाण्यांचे आकार वेळोवेळी बदलले असून एकाच किमतीची लहानमोठी नाणी चलनात आहेत. त्यापेक्षा आलेख-कागदाची एक पट्टी खिशात ठेवावी. तिच्यावरील बारीक चौकोन एक मिलिमीटरचा असतो व तो फसवीत नाही.

मोजणीसाठी तर छायाचित्रासारखा साक्षीदार नाही. कपाशीवर दर पानामागे सरासरी दहा फुलकिडे किंवा दोन ते तीन तुडतुडे आढळले म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. शेतात वाकून पाने उलटीत मोजताना आकडा हमखास चुकतो : कीड उडते, मान अवघडते, आणि मनात आधीच फवारणी ठरली असेल तर सातांचे दहा व्हावयास वेळ लागत नाही. पानांच्या खालच्या बाजूंची छायाचित्रे घेऊन घरी प्रत्येकावर बोट ठेवीत मोजले की आकडा वादातीत राहतो. महाराष्ट्रात २००९ साली सुरू झालेल्या क्रॉपसॅप ह्या कीड-सर्वेक्षण प्रकल्पाचा सारा डोलारा अशा नियमित मोजणीवरच उभारलेला आहे.

जवळून पाहू लागल्यावर शत्रूंपेक्षा मित्रच अधिक भेटतात, हा अनुभव बहुतेकांना नवा असतो. माव्याच्या घोळक्यात फिरणारी, काळसर, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी पाहून पंपाकडे हात जातो. ती ढालकिड्याची अळी असते आणि तो घोळका ती खाऊन संपवीत असते. पानावर केसासारख्या बारीक दांड्यांवर तोललेली पांढरी अंडी ही बुरशी नसून क्रायसोपाची अंडी होत. माव्यांपैकी काही फुगून बदामी रंगाचे व निश्चल झालेले दिसले तर ती परोपजीवी गांधीलमाशीने केलेली त्यांची ‘ममी’ असते. पाठीवर वाटोळे भोक असेल तर आतली माशी नुकतीच पुढच्या कामगिरीवर गेली आहे. अशा ममी पुष्कळ आढळल्या तर फवारणी चार दिवस पुढे ढकलून पुन्हा छायाचित्र घ्यावे. मराठीत ‘कोळी’ हा शब्द रस शोषणाऱ्या शत्रूला आणि जाळे विणून किडी धरणाऱ्या मित्राला सारखाच लागतो, ही भाषेची एक गैरसोय आहे. छायाचित्रात मात्र दोघांची गफलत होण्याचे कारण नाही.

तज्ज्ञाकडे छायाचित्र पाठवावयाचे असेल तर एकटा किडा पाठवू नये. एक छायाचित्र वावराचे, एक सबंध झाडाचे, एक पानाचे आणि मग शेवटी किड्याचे, ह्या क्रमाने पाठवावे. सोबत वाण, लागवडीची तारीख आणि आधी काय फवारले तेही लिहावे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की ते दाबून लहान केले जाते आणि ज्या बारकाव्यांसाठी एवढा खटाटोप केला तेच पुसले जातात. तेथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्याची सोय आहे, ती वापरावी. इतके करूनही काही प्रश्न छायाचित्राने सुटत नाहीत. विषाणू त्यात दिसत नाही, मुळाखालचा रोग दिसत नाही, आणि लोहाच्या कमतरतेने पिवळे पडलेले पान व कीड लागून पिवळे पडलेले पान कधीकधी जुळ्या भावांसारखी दिसतात. अशा वेळी झाड मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून, कृषि विज्ञान केंद्रात नेणेच श्रेयस्कर.

हंगामातले पहिले छायाचित्र मात्र रोगाची वाट पाहत थांबू नये. मिरचीच्या रोपांची पुनर्लागवड होऊन ती सावरली की, चार-पाच निरोगी रोपांच्या शेंड्यांची, पानांच्या दोन्ही बाजूंची व पहिल्या कळीची छायाचित्रे घ्यावीत आणि तारीख घालून वेगळी ठेवावीत. पान मुळात किती सपाट होते, देठ किती लांब होता आणि शिरांमधला रंग कसा होता, हे महिन्याभराने आठवणीवर सांगू म्हटले तर घरातील दोन माणसांचेही एकमत होत नाही.